इंग्रजी घेऊन एम्. ए.

‘अमक्याचा मुलगा एम्. ए. झाला’ असे कोणी सांगितले की ऐकणारा लगेच विचारी, ‘कोणता विषय घेऊन?’ आणि उत्तर ‘इंग्रजी घेऊन’ असे आले की त्याच्या भुवया थोड्या वर जात. गणित घेणारा हुशार समजला जाई, संस्कृत घेणारा विद्वान. पण इंग्रजी घेणाऱ्याभोवती आणखी काहीतरी असे. तो साहेबाच्या घरात मागल्या दाराने न शिरता दिवाणखान्यातून गेला, असा काहीसा तो भाव होता. या दोन अक्षरांच्या मागे केवढी थोरली पूर्वपीठिका आहे याची मात्र त्या विचारणाऱ्याला कल्पना नसे, आणि खरे सांगायचे तर इंग्रजी घेणाऱ्यालाही ती क्वचितच असे.

मुळात ही अक्षरे सगळीकडे एकच अर्थ सांगत नाहीत. स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत वाङ्मयशाखेची पहिलीच पदवी एम्. ए. म्हणून मिळते. ऑक्सफर्डची तऱ्हा त्याहून गमतीची. तेथे बी. ए. झालेल्या मनुष्याचे नाव विद्यापीठाच्या पटावर चढल्यापासून एकवीस सत्रे, म्हणजे सात वर्षे, लोटली की तो एम्. ए. व्हायला पात्र ठरतो. परीक्षा नाही, प्रबंध नाही, पुस्तकही उघडायला नको; तेवढी वर्षे जिवंत राहिले म्हणजे पुरे! केंब्रिजची रीतही याच वळणाची. आपल्याकडे ज्या पदवीसाठी मुलांनी कंदिलाच्या उजेडात डोळे फोडून घेतले ती तिच्या माहेरी निव्वळ वय वाढल्याबद्दल मिळत होती, हे कळले तेव्हा माझी बराच वेळ करमणूक झाली आणि नंतर थोडा रागही आला.

पण त्याहून मोठे नवल पुढेच आहे. इंग्रजी वाङ्मय हा पदवीचा विषय ऑक्सफर्ड-केंब्रिजला मान्य होण्याच्या कितीतरी आधी तो मुंबईत, मद्रासेत आणि कलकत्त्यात शिकविला जात होता.

यात न समजण्यासारखे काही नाही. आपल्या जुन्या पाठशाळा आठवाव्यात. तेथे व्याकरण शिकवीत, न्याय शिकवीत, काव्य म्हणजे कालिदास-भारवी शिकवीत. ज्ञानेश्वरी शिकवायला शास्त्रीबुवांची गरज आहे असे कोणाला वाटत नसे. ती मठात वाचावी, देवळात ऐकावी, माजघरात पाठ म्हणावी. आपल्याच भाषेतले पुस्तक समजून घेण्यासाठी गुरू कशाला? ऑक्सफर्डचे पंडित नेमके याच समजुतीचे होते. शिकवायचे ते ग्रीक आणि लॅटिन. शेक्सपिअर काय, तो सभ्य गृहस्थ जेवणानंतर शेकोटीपाशी बसून वाचतोच. तेव्हा ज्यांना ग्रीक-लॅटिनचे दार बंद होते त्यांच्याच वाट्याला इंग्रजी वाङ्मयाचे शिक्षण प्रथम आले. त्यांत स्कॉच लोक पहिले. एडिंबरोत १७६२ साली ह्यू ब्लेअर यांची वक्तृत्व आणि ललित वाङ्मय या विषयांवर राजनियुक्त प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली, आणि आपल्या बोलण्यातली स्कॉच ढब घालवून लंडनच्या दिवाणखान्यात शोभेल अशी इंग्रजी यावी, ही त्यांच्या विद्यार्थ्यांची एक मोठी हौस होती. पुढे लंडनमध्ये चर्चच्या वर्चस्वाबाहेर नवे विद्यापीठ-कॉलेज निघाले. तेथे १८२८ साली टॉमस डेल हे इंग्रजी भाषा आणि वाङ्मय यांचे प्राध्यापक झाले. त्याखेरीज कारागिरांच्या संस्था होत्या, बायकांसाठी चालविलेले वर्ग होते. ऑक्सफर्डच्या दृष्टीने हा सगळा गरिबाघरचा स्वयंपाक.

आणि या गरिबांच्या रांगेत आपण होतो.

१८१३ च्या सनदेत हिंदुस्थानातील विद्यावृद्धीसाठी वर्षाला एक लाख रुपये काढून ठेवण्याची तरतूद कंपनीवर घालण्यात आली. हे रुपये कशावर खर्चावे, यावर मग वीस-बावीस वर्षे वाद माजला. मेकॉले साहेबांचे २ फेब्रुवारी १८३५ चे टिपण त्या वादाचा शेवटचा घाव. त्यातली आपल्या ग्रंथांविषयीची तुच्छता सर्वांना ठाऊक आहे. ती येथे पुन्हा उगाळत नाही. मला त्याच मेकॉलेचे दुसरे एक कृत्य अधिक परिणामकारक वाटते. हिंदुस्थानातील सनदी नोकऱ्या वशिल्याने न देता स्पर्धेने द्याव्यात असे ठरले, आणि त्या परीक्षेची आखणी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष झाले. ही परीक्षा १८५५ साली लंडनमध्ये प्रथम झाली. तिच्यात इंग्रजीला एकूण १५०० गुण ठेवले होते: निबंधाला ५०० आणि वाङ्मय व इतिहास यांना मिळून १०००. ग्रीकला ७५०, लॅटिनला ७५०. संस्कृतला ३७५ आणि अरबीला ३७५. ज्या देशावर राज्य करायला हे तरुण निघाले होते त्या देशाच्या अभिजात भाषेची किंमत अशी इंग्रजीच्या एकचतुर्थांश ठरली. पण त्याच आकड्यांनी विलायतेतही एक गोष्ट घडविली. जेथे गुण तेथे शिकवणी, जेथे शिकवणी तेथे पाठ्यपुस्तक! इंग्रजी वाङ्मय हा घोटून तयार करण्याचा, प्रश्नोत्तरांत मांडण्याचा विषय होऊ शकतो हे विलायतेला कळण्यात हिंदुस्थानच्या नोकऱ्यांचा मोठा हात आहे.

सरकारने येथे वाङ्मयच का शिकवायला घेतले, याचे एक उत्तर डॉ. गौरी विश्वनाथन् यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिले आहे. सरकारने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन दिलेले. सरकारी शाळेत बायबल शिकविता येत नव्हते. तेव्हा जे नीतिशिक्षण बायबलातून द्यायचे ते मिल्टन आणि शेक्सपिअर यांच्याकरवी द्यावे, अशी ही युक्ती होती. हे प्रतिपादन कागदपत्रांच्या आधाराने केलेले आहे आणि मला ते पुष्कळसे पटते. मात्र त्यात शिकविणाऱ्याचा हेतू जितका दिसतो तितका शिकणारा दिसत नाही. सरकारने काय वाढले ते कळते. पोरांनी काय खाल्ले, ते नाही. आणि आपल्या पोरांनी काय खाल्ले याचा पुरावा मराठीत भरपूर आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला आणि येथे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर परीक्षांचे नियम तयार होत होते. पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली आणि १८६२ साली पहिले चार पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या चौघांची नावे वाचली तरी त्या विद्यापीठाने पहिल्याच घाण्यात केवढे तेल काढले ते समजते. रानडे व भांडारकर लवकरच एम्. ए. ही झाले. त्या वेळी एम्. ए. ला भाषा घेणाराने इंग्रजीच्या जोडीला संस्कृत किंवा लॅटिन यांसारखी एखादी अभिजात भाषा घ्यायची, अशी वहिवाट होती.

एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल तेव्हा सर अलेक्झांडर ग्रँट होते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादन केलेला हा मोठा पंडित, रानड्यांवर मनापासून लोभ करणारा. पण रानड्यांनी एका निबंधात इंग्रजी अमलाची मराठेशाहीशी तुलना करून आपले माप मराठेशाहीच्या पदरात टाकले, तेव्हा याच ग्रँट साहेबांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली. इंग्रजी लिहायला शिकविणे आणि इंग्रजीत काय लिहावे ते ठरविणे, या दोन गोष्टींमधली रेघ कोठे होती हे त्या सहा महिन्यांनी दाखविले. पुढे याच ग्रँट साहेबांच्या कारकीर्दीत मॅट्रिकच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा काढून टाकण्यात आल्या. ग्रीक-लॅटिनवर पोसलेल्या मनाला अभिजात भाषा हीच शिक्षणाची भाषा वाटणे स्वाभाविक होते, म्हणून संस्कृत राहिली आणि मराठी गेली. मराठी माणसाने मराठीचे अक्षर न वाचता एम्. ए. व्हावे, अशी सोय झाली. आणि ती चार दशकांच्या जवळपास टिकली.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात याच काळात प्रोफेसर वर्डस्वर्थ इंग्रजी वाङ्मय शिकवीत होते. हे महाकवी वर्डस्वर्थ यांचे नातू, नावही तेच, विल्यम. वर्गात आजोबांची कविता निघाली म्हणजे नातवाच्या आवाजात काही फरक पडत असेल काय, असे मला नेहमी वाटत आले आहे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत टिळक होते. टिळकांचा ओढा गणिताकडे. पण त्यांच्या चरित्रकारांनी वर्डस्वर्थ यांचे नाव त्यांच्या आवडत्या गुरूंत दिले आहे. काँग्रेसच्या आरंभीच्या दिवसांत तिच्याविषयी सहानुभूती बाळगणाऱ्या थोड्या इंग्रज अधिकाऱ्यांत हे वर्डस्वर्थ होते, हेही सांगितले पाहिजे. येरवड्याच्या बाजूला नदीकाठी उभी असलेली त्या कॉलेजची दगडी इमारत १८६८ सालापासूनची.

त्या इमारतीत मुलांनी काय खाल्ले? विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी शेक्सपिअरच्या ‘सिंबेलाइन’वरून ‘तारा’ रचले ते १८७९ साली. आगरकर एम्. ए. झाले इतिहास-तत्त्वज्ञानात, पण कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढण्याची पाळी आली तेव्हा त्यांनी हाती घेतला तो ‘हॅम्लेट’, आणि ‘विकारविलसित’ १८८३ साली बाहेर पडले. साहेबाच्या तुरुंगात साहेबाचा कवी मराठीत आणण्यात आगरकरांना काही विसंगती वाटली नाही. मलाही वाटत नाही. फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी शिकविणारे वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’ची ‘त्राटिका’ केली आणि देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’. ही नाटके रंगभूमीवर गाजली. ज्याला ए-बी-सी येत नव्हते असा प्रेक्षक पिटात बसून झुंझाररावाच्या संशयाने कासावीस होत होता. नीतिशिक्षणाची सरकारी योजना कोठच्या कोठे राहिली, आणि शेक्सपिअर मात्र मुक्कामाला आला.

डेक्कन कॉलेजच्याच एका विद्यार्थिनीची हकीकत येथे टाळता येत नाही. कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. पदवीपरीक्षेत त्या सर्वांत वर आल्या, आणि त्या क्रमांकाबरोबर विलायतेत शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. ती त्यांना बाई म्हणून नाकारली गेली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तेव्हा त्यांनी काय करावे? अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना त्या इंग्रजी शिकवू लागल्या. पुढे इंग्लंडातील हितचिंतकांच्या मदतीने त्या ऑक्सफर्डला गेल्या, तेथे कायदा शिकल्या आणि १८९२ साली बी. सी. एल्. च्या परीक्षेला बसल्या. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास आरंभ केला तो १९२० साली, आणि केंब्रिजने तर १९४८ साली! आमच्याकडे मागासलेपणाचा शिक्का मारणाऱ्यांनी या तारखा एकदा शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात.

आता खुद्द ऑक्सफर्डकडे वळू. १८८५ साली तेथे इंग्रजी भाषा व वाङ्मय यांचे मर्टन अध्यापकपद निर्माण झाले. वाङ्मयाच्या जाणकाराला ते मिळेल अशी पुष्कळांची आशा होती. मिळाले आर्थर नेपियर यांना, जे जुन्या इंग्रजीच्या शब्दरूपांचे पंडित. उमेदवारांत जॉन चर्टन कॉलिन्स होते. निवड न झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्रांतून जी मोहीम उघडली ती काही वर्षे थांबली नाही. वाङ्मयाला भाषाशास्त्राची दासी करू नका, ते ग्रीक-लॅटिन वाङ्मयाच्या मांडीला मांडी लावून शिकवा, हे त्यांचे म्हणणे. माणूस तापट, कागाळीखोरही असावा; पण मुद्दा बिनतोड होता. विरुद्ध बाजूला इतिहासाचे राजनियुक्त प्राध्यापक फ्रीमन उभे होते. वाङ्मयाची परीक्षा घेणार कशी, हा त्यांचा सवाल. अभिरुचीला गुण कसे देणार? परीक्षा व्हायची तर ती टणक गोष्टींची व्हावी, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीची आणि व्याकरणाची. नाहीतर शेली आणि त्याच्या बायकोच्या भानगडींवर गप्पा, एवढेच त्याचे रूप होईल, असे ते बजावीत होते. फ्रीमनना हसणे सोपे आहे. पण आपल्याकडच्या बाजारी मार्गदर्शिका ज्याने चाळल्या आहेत त्याला ते सर्वस्वी चुकले होते असे म्हणवणार नाही. आमच्या वर्गात पिवळ्या पडलेल्या कागदांवरून टिपणे सांगितली जात. आम्ही ती उतरून घेत होतो, आणि नाटक न वाचताही त्यातील नायकाच्या स्वभावातील सहा दोष आम्हांला मुखोद्गत होते.

अखेर १८९४ साली ऑक्सफर्डने इंग्रजीची स्वतंत्र शाखा मान्य केली. भाषा आणि वाङ्मय यांना एकत्र नांदवायचे, अशी तडजोड झाली. सासू-सुनेसारखे त्यांचे भांडण पुढे कित्येक वर्षे चालले. वाङ्मयाचे म्हणून स्वतंत्र अध्यापकपद आले १९०४ साली आणि ते मिळाले वॉल्टर रॅली यांना. येथे माझे कुतूहल जागे होते, कारण या रॅलींनी अध्यापनाचा श्रीगणेशा केला होता तो अलीगढला! सर सय्यद अहमदखानांच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात १८८५ ते १८८७ ही दोन वर्षे ते इंग्रजी शिकवीत होते. प्रकृती बिघडली म्हणून परतले. म्हणजे ऑक्सफर्डच्या मुलांना इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या पहिल्या प्राध्यापकाचा हात अलीगढच्या मुलांवर बसला होता. १९२२ साली ते वारले तेही टायफॉइडने, बगदादकडच्या प्रवासात जडलेल्या.

केंब्रिजने त्याहून उशीर केला. वृत्तपत्रांच्या धंद्यात गबर झालेल्या हार्म्सवर्थ यांच्या देणगीतून तेथे १९११ पासून इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापकपद चालू झाले आणि स्वतंत्र इंग्रजी परीक्षा ठरली १९१७ साली. तोपर्यंत महायुद्ध पेटले होते आणि शब्दव्युत्पत्तीचे शास्त्र म्हणजे जर्मन पंडितांची मिरासदारी, अशी समजूत होती. तेव्हा ते शास्त्र आपोआप लोकांच्या मनातून उतरले. केंब्रिजने जुन्या इंग्रजीची सक्तीच काढून टाकली. फ्रीमनच्या सवालाला उत्तरही तेथेच शोधले गेले. आय्. ए. रिचर्डस यांनी विद्यार्थ्यांना कवीचे नाव आणि काळ न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांची मते लिहून मागितली. ती उत्तरे १९२९ साली पुस्तकरूपाने आली तेव्हा असे दिसले की नाव झाकले की भल्याभल्यांची अभिरुची आंधळ्या कोशिंबिरीसारखी चाचपडते. ऑक्सफर्ड मात्र आपल्या चालीने चालले. टोल्किन आणि लुइस यांच्या पुढाकाराने १९३१ साली तेथे जो अभ्यासक्रम आला त्यात वाङ्मय १८३० पाशी थांबत होते. डिकन्स, टेनिसन, ब्राउनिंग हे सगळे वेशीबाहेर!

इकडे मराठीचे काय चालले होते? इंग्रजी कवितेचा खरा लाभ ज्याने मराठीला करून दिला तो केशवसुत मॅट्रिकच झाला होता, तोही १८८९ साली, तेविसाव्या वर्षी. शाळामास्तरकीत त्याचा जन्म गेला. पदवीधर मंडळी परीक्षेसाठी ज्या कविता वाचून विसरत होती त्यांतून या मास्तराने ‘सुनीत’ आणले आणि कवीने स्वतःविषयी बोलावे ही हिंमत आणली. विद्यापीठाच्या दफ्तरात याची नोंद कोठेच होण्यासारखी नव्हती. त्या दफ्तरात मराठीचीच नोंद नव्हती. रानड्यांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत सिनेटमध्ये जी खटपट केली तिला विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी फळ आले आणि एम्. ए. च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली. पण रानडे १६ जानेवारी १९०१ लाच गेले होते. जी भाषा १८६२ च्या पदवीधराने घरी बोलली ती त्याच विद्यापीठात पोहोचायला त्याला जन्म पुरला नाही. कित्येक जुन्या मराठी प्राध्यापकांच्या पदवीत इंग्रजी आणि मराठी असे दोन विषय जोडीने दिसतात, ते यामुळे. थोरल्या बहिणीचे बोट धरून धाकटी शाळेत आली.

पुढे मराठी समीक्षेचा संसार मांडला तो बहुतांशी इंग्रजीच्याच प्राध्यापकांनी. मर्ढेकर इंग्रजी शिकवीत असत, आणि सौंदर्यशास्त्रावरचे त्यांचे पहिले पुस्तक १९३७ साली लंडनला इंग्रजीतून निघाले. मं. वि. राजाध्यक्ष इंग्रजीचे, ‘सौंदर्यमीमांसा’ लिहिणारे रा. भा. पाटणकर इंग्रजीचे. विंदा करंदीकरांनी इंग्रजी शिकवून संसार केला आणि ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र, ‘फाउस्ट’चा पूर्वार्ध व ‘राजा लिअर’ मराठीला दिले. यात एक तोटाही झाला, तो झाकू नये. आमची समीक्षा मराठी कवितेकडे पाहताना पुष्कळदा खिशातून विलायती फूटपट्टी काढी, आणि तुकारामाचा अभंग तिच्यात न बसला तर दोष फूटपट्टीचा आहे हे तिला पटकन सुचत नसे.

परक्या देशांत ही जाणीव अधिक उघडपणे बोलली गेली. १९६८ साली नैरोबी विद्यापीठात न्गुगी आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी इंग्रजी विभागच बंद करावा आणि आफ्रिकी वाङ्मय केंद्रस्थानी ठेवून नवा विभाग काढावा, असे टिपण सादर केले. इंग्लंडातही बर्मिंगहॅमला १९६४ साली रिचर्ड हॉगार्ट यांनी संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र काढले; कामगारांची गाणी, सिनेमे, वर्तमानपत्रे हे सारे अभ्यासाला योग्य ठरले. आज पदवीच्या नावात भाषा आणि वाङ्मय यांच्याशेजारी ‘संस्कृती’ हा जो तिसरा शब्द पुष्कळ ठिकाणी दिसतो तो मुख्यतः तिथून आला. ते केंद्र २००२ साली बंद पडले, शब्द उरला.

वर्डस्वर्थ साहेब जेथे शिकवीत ते डेक्कन कॉलेज सरकारने १९३४ साली बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी पाठपुरावा केला, प्रकरण कोर्टापर्यंत गेले, आणि १९३९ साली ते उघडले ते भाषाशास्त्र, इतिहास आणि पुरातत्त्व यांची संशोधनसंस्था म्हणून. पुढे तेथे भाषाशास्त्र शिकायला आलेल्यांत भालचंद्र नेमाडे होते. त्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली. त्यानंतर त्यांनी मुंबई विद्यापीठातून आणखी एक एम्. ए. केले, तेही इंग्रजी घेऊन. आणि देशीवादाची बाजू आवेशाने मांडणारा हा लेखक वर्षानुवर्षे औरंगाबादेत, गोव्यात मुलांना इंग्रजी शिकवीत राहिला.